तारेचा पत्ता

सोलापुरात बाळीवेशीच्या बाजूला एक आत्या राहत होती. शेंगाचटणी करावी तर तिनेच, असे सारी गल्ली म्हणे. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, हातावर चोळून साल पाखडायचे, मग लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ घालून उखळात कुटायचे. कुटता कुटता दाण्याला तेल सुटते आणि चटणी मुसळाला धरू लागते. तेवढे झाले की आत्या थांबायची. मिक्सरमध्ये पूड होते, चटणी होत नाही, असे तिचे ठाम मत होते.

तिचा भाचा पुण्याला संगणक शिकून परत आला. नोकरी धरण्यापेक्षा आत्याची चटणी आणि कडक भाकरी देशभर विकावी, असे त्याने ठरवले. परवाने काढले, पाकिटे ठरवली, आणि गाडी अडली ती नावापाशी. इंटरनेटवर दुकान मांडायचे तर त्याला डोमेन नेम हवे, आणि ते जगात दुसऱ्या कुणाचे नसलेले हवे. भाचा रात्र रात्र लॅपटॉपपुढे बसू लागला. सुचेल तो शब्द टाकायचा आणि तो आधीच गेलेला निघायचा.

शेवटी त्याने 'झणझणीत' हा शब्द पकडला. सरळ स्पेलिंग मिळेना, म्हणून 'झ'साठी झेड-एच घातले. मध्ये हायफन टाकला. 'नीत'ला दोन ई दिले. डॉट कॉम मिळेना, म्हणून डॉट को घेतले. पडद्यावर ते नाव मोठे ऐटदार दिसत होते. त्याने आत्याला दाखवले. आत्याने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "छान आहे की. पण हे वाचायचं कसं?"

"झणझणीत, आत्या."

"असं होय," आत्या म्हणाली आणि उखळाकडे वळली.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली. भाच्याने तिथे टेबल मांडले आणि भाकरीच्या तुकड्यावर चटणी ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायला सुरुवात केली. लोक थांबत, खात, पुन्हा हात पुढे करत. कलबुर्गीहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "आमच्याकडे मिळेल का हो ही?"

"मिळेल की काका. वेबसाइट आहे. झणझणीत डॉट को."

"कॉम ना?"

"कॉम नाही, को. आणि मध्ये हायफन."

"मध्ये म्हणजे कुठे?"

"पहिल्या झणनंतर. आणि झ म्हणजे झेड-एच बरं का."

तेवढ्यात मागून गर्दीचा रेटा आला. "बरं बरं, बघतो," म्हणत गृहस्थ बोटाची चटणी चाटत पाळण्यांकडे निघून गेले. दिवसभर असेच चालले. चटणी संपली, पण ऑर्डरी आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

उन्हाळ्यात आत्याच्या नणंदेचा लातूरहून फोन आला. "वहिनी, राग मानू नका, पण यंदाच्या चटणीत लसूण कमी पडलाय बघा. आणि मिक्सरमधून काढल्यासारखी लागते."

आत्या चमकली. "मी कुठं तुम्हाला चटणी पाठवली?"

"तुम्ही नाही हो. भाच्याचा नवा धंदा, फुकट कशाला मागायची, म्हणून परस्पर वेबसाइटवरून मागवली. झणझणीत म्हणूनच टाकलं होतं."

भाच्याने लॅपटॉप उघडून पाहिले. नणंदेने झेडपुढचा एच गाळला होता, हायफन सोडला होता आणि सवयीने डॉट कॉम लिहिले होते. त्या पत्त्यावर भलत्याच कुणाचे मसाल्याचे दुकान होते. त्या दुकानदाराने काही लबाडी केलेली नव्हती, त्याचे नाव आधीपासूनचे होते. गड्ड्यात चटणी खाल्लेली कितीतरी माणसे अशीच तिकडे गेली असणार. आत्या रोज उखळात कुटत होती आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जात होते.

आत्याच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारे तारमास्तर राहत. उभी हयात तार ऑफिसात गेलेली. संध्याकाळी ते ओट्यावर आले, तेव्हा आत्याने सगळी हकिगत सांगितली. मास्तर हसले आणि म्हणाले, "म्हणजे तार चुकीच्या पेढीवर गेली म्हणा."

भाच्याला काही कळले नाही. तार २०१३ साली बंद झाली, त्या वेळी तो शाळेत होता.

मास्तर सांगू लागले, "आमच्या वेळी तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. पत्त्याचे शब्दही मोजले जायचे. म्हणून पेढीवाले तार ऑफिसात एक शब्द नोंदवून ठेवायचे आणि त्याची वर्षाची फी भरायचे. मुंबईच्या व्यापाऱ्याने तो शब्द आणि पुढे गावाचं नाव एवढंच लिहिलं, की तार बिनचूक दुकानात. एक शब्द एका गावात दोघांना मिळत नसे."

"हे तर आमचं डोमेनच की!" भाचा म्हणाला.

"असेल. पण पेढीवाला शब्द घेऊन आला की मी त्याला सांगायचो, बाबा रे, तुला आवडतो ते ठीक. पण हा शब्द लिहिणार बेळगावचा माणूस, घेणार मद्रासचा तारवाला. दोघांनी एकसारखा लिहिला पाहिजे. तुझा शब्द पाहायला चांगला आहे रे, पण सांगायला गेलं की त्याच्याबरोबर चार सूचना द्याव्या लागतात. सूचना कोण लक्षात ठेवतो?"

त्या रात्री भाच्याने शोधाशोध केली, तेव्हा त्याला कळले की हे दुखणे आपले एकट्याचे नाही. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक कंपनीने २०११ मध्ये 'ओ डॉट को' असे छोटेसे नाव मिरवायला घेतले होते. डॉट को हे मुळात कोलंबिया देशाचे. लोक सवयीने कॉमच लिहीत राहिले आणि काही महिन्यांतच कंपनीला जुन्या नावाकडे वळावे लागले. फेसबुकच्या नावाआधी सुरुवातीला 'द' होता. तो काढून नुसते फेसबुक घ्यायला त्यांनी २००५ मध्ये दोन लाख डॉलर मोजले. आपल्याकडे रेडिफ आणि रॅडिफ यांचा एका अक्षरावरचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि १९९९ मध्ये न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निकाल दिला. सकाळी त्याने हे सगळे आत्याला वाचून दाखवले. आत्या म्हणाली, "मोठ्यांनी पैसे देऊन निस्तरलं. आपल्याकडे आहे का तेवढा पैसा? मग आधीच नीट निवड."

मग ओट्यावर नावांची निवडणूक सुरू झाली. भाच्याने 'आजोळ' सुचवले. मास्तर म्हणाले, "इंग्रजीत एक ए की दोन?" ते गेले. 'चव' आले. "शेवटी व्ही की डब्ल्यू?" तेही गेले. 'सोलापुरी' म्हणताच मास्तर म्हणाले, "जुन्या कागदांत गावाचं नाव इंग्रजीत शोलापूर असायचं. अजून निम्मे लोक एसपुढे एच घालतील." आत्याने 'शेंगा' सुचवले. स्पेलिंग सोपे होते, पण भाच्याने ट्रेडमार्कचा कायदा वाचला होता. मालाचे नुसते वर्णन करणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही. उद्या शेजारच्यानेही पाकिटावर शेंगा लिहिले, तर त्याला कोणत्या तोंडाने अडवायचे?

"देवनागरीतच घेऊ का?" भाच्याने विचारले. "२०१४ पासून डॉट भारत मिळतं."

"जरूर घे, जोडीला," मास्तर म्हणाले. "पण ज्याच्या फोनवर मराठी कळफलक नाही, त्याला दार बंद ठेवू नकोस."

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग मास्तर आत्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या वडिलांचं चादरीचं दुकान होतं, त्याचा तारेचा पत्ता मला अजून पाठ आहे. दोनमोर. दोन शब्द जोडून एक केला होता, पैसे वाचावेत म्हणून. चादरीवर समोरासमोर दोन मोर असायचे ना, त्यावरून. इतकी वर्षं झाली, हजारो पत्ते हाताखालून गेले, पण हा काही विसरलो नाही. आणि त्यांची तार कधी दुसरीकडे गेल्याचंही आठवत नाही."

आत्याचे डोळे चमकले. भाच्याने लिहून पाहिले: डी, ओ, एन, एम, ओ, आर. हायफन नाही, आकडा नाही, दीर्घाची भानगड नाही.

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी फोन लाव. नाव एकदाच सांगायचं. स्पेलिंग सांगायचं नाही. त्यांनी काय लिहिलं ते विचारायचं."

आत्याने लातूरला नणंदेला फोन लावला. मग हैदराबादला गेलेल्या विणकर घरातल्या तेलुगू मैत्रिणीला. मग गल्लीतून बेळगावला दिलेल्या मुलीला. तिघींनी तीच सहा अक्षरे लिहिली. नणंदेच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने मात्र शेवटी एक ई वाढवला.

"झालं, हेही चुकलं," भाचा हिरमुसला.

"चुकलं कुठं? कोण कसं चुकणार ते आजच कळलं," मास्तर म्हणाले. "तो ईवाला पत्ताही घेऊन ठेव आणि तिथे येणाऱ्याला आपल्या दारात आणून सोड."

भाच्याने आधी ट्रेडमार्कच्या नोंदी तपासल्या. खाद्यपदार्थांत त्या नावाचे किंवा त्याच्या जवळपासचे कुणी नव्हते. अर्ज करून टाकला. मग दोन्ही पत्ते डॉट कॉम आणि डॉट इनमध्ये पाहिले, ते मोकळे होते. वेबसाइट करणारा पोरगा म्हणाला, "दादा, माझ्याच खात्यातून घेतो, तुम्हाला कशाला त्रास?" भाचा हो म्हणणार, इतक्यात मास्तरांनी विचारले, "रजिस्टरला नाव कुणाचं लागणार?" पोरगा प्रामाणिक होता, पण उद्या तो गाव सोडून गेला किंवा त्याचा ईमेल बंद पडला, तर नावाची किल्ली त्याच्याबरोबर जाणार होती. म्हणून नोंदणी धंद्याच्या नावावर आणि आत्याच्या ईमेलवर झाली. डोमेन कायमचे विकत मिळत नाही, मुदतीवर मिळते, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येते. भाच्याने लांबची मुदत घेतली, कारण फी भरायला विसरले की तेच नाव दुसरा कुणीही उचलू शकतो.

झणझणीतचा जुना पत्ताही त्याने सोडला नाही. जुनी पाकिटे अजून लोकांच्या घरात होती. त्या पत्त्यावर येणारा माणूस आपोआप दोनमोरवर पोहोचेल, अशी सोय त्याने करून दिली.

पुढच्या गड्ड्यात तेच टेबल आणि तीच चटणी होती. कुणी विचारले की भाचा म्हणे, "दोनमोर डॉट कॉम," आणि पुढच्या माणसाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवी. यात्रा संपायच्या आत कलबुर्गी, लातूर, सांगली इथून ऑर्डरी येऊ लागल्या. नाव बदलल्याने चटणीची चव बदलली नव्हती, पण चव घेतलेल्या माणसाला आता दुकान सापडत होते.

तात्पर्य: धंद्याचे नाव मालकाच्या हौसेसाठी नसते, गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी असते. एकदा ऐकून जे बिनचूक लिहिता येते, कायद्याने जे आपले राहते आणि ज्याची नोंद आपल्याच हाती असते, तेच नाव घ्यावे.