मोजणीबाहेरचे कष्ट

१९६१च्या जनगणनेनुसार भारतातल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २८ जणी काम करणाऱ्या होत्या. दहाच वर्षांनी, १९७१मध्ये, हा आकडा १२च्या आसपास आला. पुरुषांचे प्रमाण त्याच काळात ५७वरून ५३च्या आसपास उतरले. एका दशकात निम्म्याहून अधिक कष्टकरी बायकांनी खुरपे खाली ठेवले, असे देशातल्या कुठल्याही गावाने पाहिले नव्हते. बदलला होता तो प्रगणकाचा प्रश्न. १९६१मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाभराहून जास्त नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली गेली. १९७१मध्ये आधी ‘मुख्य’ काम विचारले गेले. पहाटे म्हशीचे शेण काढून, धार काढून, दुपारी निंदणीला जाणारी आणि संध्याकाळी चुलीपुढे बसणारी बाई मुख्यतः काय करते, याला घरातल्या कर्त्या पुरुषाने दिलेले उत्तर ठरलेले होते: ‘घरीच असते.’ तिचे शेतकाम दुय्यम ठरले आणि ती स्वतः बिगरकामकरी. स्त्री-पुरुषांच्या श्रमसहभागाचे दीर्घकालीन आलेख वाचताना हे दशक डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. समाजाला कोणते कष्ट काम वाटत होते, याचाही इतिहास त्या रेषांत मिसळलेला आहे, आणि तो वेगळा काढल्याशिवाय ‘स्त्रिया कामाला लागल्या’ किंवा ‘घरी बसल्या’ ही दोन्ही विधाने अर्धवट राहतात.

घरचे कष्ट म्हणजे काम नव्हे, ही समजूत आपल्याकडे उपजलेली नाही. १८५१च्या ब्रिटिश जनगणनेत शेतकऱ्याची, दुकानदाराची बायको नवऱ्याच्या धंद्यात सहभागी म्हणून नोंदली जात होती. १८८१पर्यंत घर सांभाळणाऱ्या बायका ‘बिनकामाच्या’ वर्गात गेल्या होत्या. मधल्या काळात कारखानदारीने काम म्हणजे घराबाहेर जाऊन मजुरी आणणे, असा अर्थ रुजवला होता. अमेरिकेतही हेच घडत होते आणि तिथल्या स्त्रियांच्या एका संघटनेने १८७८मध्येच गृहिणींच्या अशा नोंदीला हरकत घेणारे निवेदन काँग्रेसला दिले होते. पुढे क्लॉडिया गोल्डिन यांनी तिथली जुनी कागदपत्रे तपासून दाखवले, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतावर राबणाऱ्या, घरात भाडेकरू ठेवून त्यांचे जेवणखाण पाहणाऱ्या विवाहित स्त्रिया मोजणीत आल्याच नव्हत्या. त्या धरल्या तर स्त्रियांच्या कामाचा आलेख सरळ चढत जाणारा राहत नाही. तो आधी खाली जातो आणि मग वर येतो. २०२३चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते स्त्रियांच्या श्रमाच्या या दीर्घ इतिहासाच्या मांडणीसाठी.

पण सगळी घसरण कागदावरचीच होती, असे मानणेही चूक ठरेल. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही तिची खाती. तिच्यावर देखरेखीला नाईकीण असे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत हे प्रमाण नगण्य झाले. यंत्रे बदलली, खात्यांची पुनर्रचना झाली, आणि कपात आली तेव्हा ती आधी बायकांवर आली, कारण घर पुरुषाच्या पगारावर चालते हे मालक, सरकार आणि संघटना या तिघांनाही मान्य होते. १९२९च्या मुंबई प्रांताच्या प्रसूतिलाभ कायद्याने, ज्या विधेयकाची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात मांडली होती, बाळंतपणातल्या बाईला हक्काचा आधार दिला. त्याचा खर्च मात्र मालकांच्या डोक्यावर पडला आणि बायका नकोत म्हणायला त्यांना आणखी एक कारण मिळाले. बायकांच्या रात्रपाळीवरच्या बंदीचेही तसेच. ही बंधने नकोच होती, असे मी म्हणणार नाही. बाळंतपणाचा खर्च सगळ्या समाजाने उचलायला हवा होता, तो एका मालकाच्या हिशेबात ढकलला गेला, हा दोष होता. गिरणीतून गेलेल्या बायकांचे कष्ट काही थांबले नाहीत. गिरणगावात खाणावळी चालवून त्यांनी शेकडो एकट्या कामगारांना जेवू घातले. पण आता त्या ‘कामगार’ राहिल्या नव्हत्या.

१९७४मध्ये भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल आला. विकासाबरोबर स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारेल, या विश्वासाला त्याने धक्का दिला. एस्टर बोसरप यांनी १९७०मध्ये आपल्या ग्रंथात तेच जागतिक पातळीवर मांडले होते. इथून चर्चेची दिशा बदलली. ‘किती बायका काम करतात’ या प्रश्नाआधी ‘काम कशाला म्हणायचे’ हा प्रश्न येऊ लागला. महाराष्ट्रात दुष्काळाच्या झळांतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेने आणखी एक गोष्ट कृतीतून दाखवली. गावाजवळ, ठरल्या दराने काम मिळते म्हटल्यावर बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या. त्यांना घराबाहेर पडायचेच नसते, हा समज तिथेच खोटा ठरला. १९९१च्या जनगणनेत शेतातले किंवा घरच्या धंद्यातले बिनमोबदल्याचे कामही धरावे, असे प्रश्नातच घातले गेले, आणि कामकरी स्त्रियांचा आकडा शंभरात २२च्या वर आला. १९९३मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी सीमा आखली: रानातून आणलेले सरपण उत्पादनात धरायचे, त्या सरपणावर शिजवलेला भात नाही. आपली राष्ट्रीय नमुना पाहणी त्याहून कडक निघाली. घरकाम करून सरपण, चारा, भाजी गोळा करणाऱ्या बाईसाठी तिच्यात ९३ हा संकेतांक आहे, आणि तो श्रमशक्तीच्या बाहेरचा आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. स्वयंपाकपाणी, मुले, म्हातारी माणसे हे सगळेच काम म्हटले तर रोजगाराच्या आकड्याला अर्थ काय उरेल? बेकारी कशी मोजणार? उत्तर असे, की दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात कोंबायची गरजच नाही. २०१३मध्ये जिनिव्हात श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काम ही व्यापक कल्पना आणि मोबदल्यासाठीचा रोजगार हा तिचा एक भाग, असे वेगळे केले. बाईला बेकार किंवा रोजगारी ठरवण्याआधी ती दिवसभर राबते एवढे तरी नोंदले जावे, इतकीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरात चार पैसे आले, मुली कॉलेजात जाऊ लागल्या, की बायका मजुरी सोडतात. ही प्रगतीच नव्हे का? मुलींच्या शिक्षणापुरते हे खरे आहे, आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सुटली याचे दुःख कुणी करू नये. पण २०११-१२च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत घरकामात असलेल्या बायकांना विचारले, तेव्हा जवळपास एक तृतीयांश जणींनी घरी करता येईल असे काम मिळाले तर करू, असे सांगितले. पहिली पसंती शिवणकामाला होती. ज्यांना काम हवे आहे, पण घर आणि काम एकत्र बसत नाही, त्यांच्या घरी राहण्याला निवड म्हणता येत नाही.

आता अलीकडचे आकडे. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के झाला. पुरुषांचा ७५.८वरून ७८.८. या वाढीचा जल्लोष करताना ती कुठे झाली, हे पाहिले पाहिजे. मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्या शेतात वा दुकानात विनामोबदला राबणाऱ्या मदतनीस बऱ्याच आहेत. मोजणीत आलो म्हणून मोबदला मिळतो, असे नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत ठराव एका कोयत्याचा होतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात पडते. तिचे श्रम ठरावात आहेत, तिची मजुरी वेगळी कुठेच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना थोडी जमीन बायकोच्या नावे करायला लावली, ती मोहीम नेमकी या जागी बोट ठेवणारी होती. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरीण पतपुरवठ्यालाही शेतकरी वाटत नाही.

आणि या सगळ्या चर्चेत पुरुषाचा आकडा स्थिर म्हणून दुर्लक्षित राहतो. तो स्थिर आहे, कारण त्याच्या घरचे काम दुसरे कुणी करते. २०१९च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. तेही घरकामाला हात लावणारे पुरुष २६ टक्केच. २०२४मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे स्त्रियांचा श्रमसहभाग झपाट्याने वाढत असताना घरातले अंतर २०२ मिनिटांवरून २०१वर आले. बाहेरचे काम तिच्या घरकामात भर म्हणून आले. पाळणाघरे, नळाचे पाणी, वेळेवर येणारी एसटी आणि पुरुषाचा स्वयंपाकघरातला तासभर यांवाचून हा आलेख वर गेला तरी तिची दमछाकच वाढवील.

२०२७च्या जनगणनेसाठी प्रगणक दारात येईल आणि घरातल्या प्रत्येकाचे काम विचारील. बायकोचे, सुनेचे, आईचे उत्तर आपण देऊन टाकू नये. तिला पुढे बोलवावे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत ती काय काय करते, हे तिलाच सांगू द्यावे.