पाठांतर, झोप आणि गुडाकेश



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७

भगवंत इथे अर्जुनाला सांगतात, की जो फार खातो त्याला योग साधत नाही आणि जो अजिबात खात नाही त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो जागतच राहतो त्यालाही नाही. ज्याचा आहार-विहार, काम, झोप आणि जाग प्रमाणात असते, त्याचाच योग दुःख दूर करतो.

खरं सांगू? हे दोन श्लोक मी बरीच वर्षं तब्येतीचा सल्ला समजून पुढे सरकायचो. गेल्या मार्गशीर्षात डोळे उघडले.

गीता जयंतीला आमच्या सोसायटीतल्या मंडळात पंधरावा अध्याय न बघता म्हणायचा, असं मी ठरवलं होतं. श्लोक वीसच. पण ऑफिसमधून येऊन जेवण होईपर्यंत अकरा वाजायचे. मग दोन-अडीचपर्यंत घोकत बसायचं. मनात एक गोड अभिमानही होता, की जग झोपलंय आणि मी साधना करतोय! पाचव्या दिवशी सकाळी आईने एवढंच विचारलं, "अरे, डबा भरू का?" आणि मी खेकसलो, "आई, मी म्हणतोय ते दिसत नाही का तुला?" ती काही बोलली नाही. डबा भरून ओट्यावर ठेवला.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या सरावात मी अडकलो. रात्री शंभर वेळा घोकलेला शब्द येईचना.

मग मी वाचायला लागलो, की आपला मेंदू शब्द धरून ठेवतो तरी कसा.

पहिली गंमत बाळांची. १९९६ मध्ये अमेरिकेत सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक बनावट भाषा ऐकवली. सगळी अक्षरं सलग, मध्ये थांबा नाही, चढउतार नाही. तरी बाळांना त्यातले 'शब्द' वेगळे कळले! कसे? आपल्या उदाहरणाने बघू. नामस्मरणात 'गोविं' ऐकलं की पुढे 'द' येणारच. पण 'द' नंतर 'गोपाल' येईल, 'माधव' येईल, काहीही येईल. जिथे पुढचं अक्षर ठरलेलं असतं तिथे शब्द सलग चाललाय; जिथे ते ठरलेलं नसतं तिथे शब्द संपला. हा हिशोब बाळाचा मेंदू न शिकवता करतो. संधी झालेला श्लोक पहिल्यांदा ऐकताना आपणही त्या बाळासारखेच असतो. म्हणून तर आपल्या परंपरेत संहितापाठाबरोबर शब्द सुटे करून म्हणायचा पदपाठ आला.

दुसरी गोष्ट झोपेची. १९२४ मध्ये जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून घेतल्या. नंतर तेवढेच तास कधी जागून काढायचे, कधी झोपून. झोपून उठल्यावर दोघांनाही जास्त आठवायचं. आज आपल्याला कळतं, की दिवसभराचं नवं शिकणं आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आधाराने उभं राहतं. गाढ झोपेत मेंदू त्याची पुन्हा पुन्हा उजळणी करतो आणि ते हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरतं. म्हणजे आपण पुस्तक मिटलं तरी आत पारायण चालूच!

आणि नुसती आठवण पक्की होते असंही नाही. २००६ मध्ये रेबेका गोमेझ आणि सहकाऱ्यांनी पंधरा महिन्यांच्या मुलांना बनावट वाक्यं ऐकवली. त्यात पहिल्या शब्दावरून तिसरा शब्द ठरायचा. ज्या मुलांनी मधल्या वेळात डुलकी काढली नाही, त्यांना ऐकलेल्या नेमक्या जोड्या आठवल्या. डुलकी काढलेल्यांनी मात्र त्यामागचा नियमच उचलला आणि तो नव्या शब्दांतही ओळखला. शब्दांकडून साच्याकडे, अक्षराकडून अर्थाकडे. ही मजल झोपेनंतर गाठली गेली.

आता कोणी म्हणेल, "अरे, पण अर्जुन तर गुडाकेश! झोप जिंकलेला!" अगदी बरोबर. आणि बघा ना, भगवंत नेमकं त्यालाच सांगतात, की जागतच राहणाऱ्याला योग नाही. झोप जिंकणं म्हणजे झोपेचं गुलाम न होणं. झोपेशी वैर धरणं नव्हे. माझ्या जागरणात तर झोप जिंकली गेलीच नव्हती, फक्त अहंकार जागा होता. आणि त्याची किंमत आईने मोजली.

मी अडकलो होतो तो पंधराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक. त्यात भगवंत म्हणतात, मी सर्वांच्या हृदयात आहे. स्मृती, ज्ञान आणि त्यांचं दूर होणं माझ्यापासूनच. वाचून हसू आलं आणि डोळेही भरले. पेरणं आपलं काम. पेरलंच नाही तर नुसत्या झोपेने काही उगवणार नाही, हेही खरं. पण पेरलेलं रात्रभर उकरून बघणारा शेतकरी कधी पाहिलाय? रात्री पुस्तक मिटून डोकं उशीवर टेकवणं, हीसुद्धा एक शरणागतीच आहे.

त्या रात्री आईजवळ जाऊन म्हटलं, "आई, सकाळी चुकलं माझं." ती म्हणाली, "झोप आता."

मग पद्धत बदलली. रोज दोनच श्लोक, झोपण्याआधी पंधरा मिनिटं, त्यानंतर मोबाइल हातात नाही. सकाळी चहाच्या आधी तेच दोन, न बघता, मोठ्याने. गीता जयंतीला अध्याय म्हटला. अठराव्या श्लोकात क्षणभर थांबलो, तर समोर बसलेल्या आईने ओठ हलवून शब्द दिला. तिने तो अध्याय कधी पाठ केला नव्हता. रोज सकाळी ओट्याशी उभं राहून ऐकला होता, एवढंच.

आजचा छोटा संकल्प : आज रात्री एकच श्लोक किंवा एकच अभंग शांतपणे पाच वेळा म्हणा, आणि भगवंतावर सोपवून वेळेत झोपा. सकाळी उठल्यावर काय आठवतंय ते मला नक्की कळवा.

राम कृष्ण हरी!