उमेदवारी आहे, वस्ताद नाही

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या खोऱ्यात पाऊस लागला की शाळेच्या पत्र्यावर तो असा वाजतो, की शिकवणाऱ्याचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतसुद्धा पोचत नाही. मी शिक्षणसेवक म्हणून तिथल्या एका वाडीवर रुजू झालो, तो महिना जुलैचा होता. एक खोली, चार इयत्ता, पटावर सतरा मुलं. सातारा जिल्ह्यातून आंबेनळी घाट उतरून आलेला मी डी.एड. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. पाठ टाचण मला झोपेतून उठवलं तरी लिहिता आलं असतं. सराव पाठ मी घेतले होते ते चाळीस मुलांच्या एका इयत्तेसमोर, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत. मागच्या बाकावर बसून प्राध्यापक शेरे लिहायचे. चार इयत्तांना एकाच वेळी, एकाच खोलीत कसं शिकवायचं, हे त्या दोन वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं.

ते मला दाखवलं आमच्या मुख्याध्यापक बाईंनी. त्यांची पंचवीस वर्षं याच डोंगरात गेली होती. पहिले दोन दिवस माझी तारांबळ त्यांनी गप्प राहून पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “सर, आधी चौथीला काम लावा, मग पहिलीला जवळ घ्या. तुम्ही उलट करताय, म्हणून पहिली पळतेय.” मग त्यांनी चौथीच्या मुलांना उदाहरणं दिली, तिसरीच्या एका मुलीला दुसरीच्या दोघांचं वाचन घ्यायला बसवलं आणि पहिलीला घेऊन स्वतः दारापाशी, उजेडात बसल्या. पुढ्यात चिंचोक्यांचा डबा. दहा-दहाचे ढीग. हात पहिलीच्या ढिगावर आणि कान चौथीकडे. पंधरा मिनिटांनी गट फिरले, तेव्हा कुणालाही “गप्प बसा” म्हणावं लागलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी जे शिकलो ते माझं खरं डी.एड. पण तो आठवडा कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता. बाईंना त्याचं मानधन नव्हतं, आणि त्यांनी मला काहीच सांगितलं नसतं तरी कुणी त्यांना जाब विचारला नसता.

मराठीत याला एक जुना, नेमका शब्द आहे: उमेदवारी. निवडणुकीने तो आज पळवला आहे, पण मुळात हाताखाली राहून काम शिकणं म्हणजे उमेदवारी. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्यात कारखान्यातला मुलगा आजही ‘शिकाऊ उमेदवार’च असतो. सुताराकडे, गवंड्याकडे, गॅरेजमध्ये कुणी उमेदवारी करतो तेव्हा दोन गोष्टी गृहीत असतात. त्याला कमी पैसे मिळतील, आणि त्याच्या शेजारी वस्ताद उभा असेल. प्राथमिक शिक्षकाच्या बाबतीत महाराष्ट्राने पहिली गोष्ट मनापासून घेतली आणि दुसरी सोडून दिली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

शिक्षणसेवक योजना २००० सालची. तीन वर्षं मानधनावर काम करायचं आणि मग नियमित वेतनश्रेणी. आमच्या वेळी हे मानधन महिना तीन हजार होतं, पुढे सहा हजार झालं आणि २०२३ पासून सोळा हजार. हा काळ शिकण्याचा आहे, असं कागदावर मानायला हरकत नव्हती. पण त्या तीन वर्षांत शिक्षणसेवकाने कुणाकडून काय शिकायचं, आठवड्यातून किती वेळ त्याचं शिकवणं कुणी पाहायचं, याची कसलीच व्यवस्था नव्हती. त्याच्या आगेमागेच वस्तीशाळा आल्या. गावातला दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी नाममात्र मानधनावर वाडीतल्या मुलांना शिकवू लागली. सरकारी कागदात त्यांचं नाव होतं ‘निमशिक्षक’. त्यांना नियमित प्राथमिक शिक्षक म्हणून सामावून घ्यायला २०१४ उजाडलं. त्या लोकांविषयी मला अतिशय आदर आहे. त्यांनी झाडाखाली, मंदिराच्या ओसरीवर शाळा चालवल्या. पण ते शिकले ते एकट्याने, चुकतमाकत, आणि त्या चुकांचा भार पडला तो सगळ्यांत गरीब मुलांवर. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. सुरुवातीला सहा महिने, शिक्षणानुसार सहा ते दहा हजार विद्यावेतन, आणि यातले कित्येक तरुण जिल्हा परिषदेच्या शाळांत पाठवले गेले. नावातच ‘प्रशिक्षण’ आहे, तरी प्रशिक्षण कुणी द्यायचं, हा प्रश्न पुन्हा तसाच राहिला.

दुसरीकडे, शिक्षक घडवण्याची अधिकृत वाट वर्गापासून लांबच जात राहिली. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ चा. त्यानंतर अभ्यासक्रम बदलले, शाळेतला छात्रसेवाकाल वाढला. आता नवं शैक्षणिक धोरण सांगतं की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असेल. लहान मुलांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांसाठी अपात्र ठरवताना स्पष्ट केलंच आहे. हे सगळं मला पटतं. फक्त उमरठच्या बारावी झालेल्या मुलीच्या जागी बसून पाहिलं, तर चार वर्षं म्हणजे चार वर्षांची फी, वसतिगृह आणि घरातला एक हात कमी. खोऱ्यातले बाप्ये मुंबईला. भाताच्या आवणीला घरात उरतात त्या आई, आजी आणि हीच मुलगी. रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलला आहे, म्हणजे पोलादपूरहून शंभर किलोमीटरपेक्षाही लांब. अशा मुलीला शिक्षिका व्हायची वाट आपण लांबवली आहे, आणि नेमक्या तिच्याच वाडीवर शिक्षक टिकत नाही.

इंग्लंडने २०२५ पासून एक वाट उघडली आहे. शाळेत नोकरी करतच पदवी आणि शिक्षकाची पात्रता, दोन्ही मिळवायच्या. चार वर्षं, पगार शाळेचा, शिकण्याची फी उमेदवाराने द्यायची नाही आणि सुमारे चाळीस टक्के वेळ अभ्यासासाठी राखीव. मला यातल्या पगारापेक्षा ते चाळीस टक्के महत्त्वाचे वाटतात. कारण याच देशाने हा प्रयोग पूर्वी केला होता आणि तिथेच तो बिघडला होता. १८४६ मध्ये तिथले शिक्षण-अधिकारी के-शटलवर्थ यांनी विद्यार्थी-शिक्षकांची पद्धत आणली. तेरा वर्षांचं मूल पाच वर्षं मुख्याध्यापकाच्या हाताखाली राहायचं, मुख्याध्यापकाने त्याला रोज दीड तास शिकवायचं आणि त्याबद्दल मुख्याध्यापकाला वेगळे पैसे मिळायचे. वस्तादाची मजुरी तिथे ठरलेली होती. पुढे वर्ग फुगले, खर्च आवळला गेला आणि ती मुलं म्हणजे स्वस्तात मिळणारे शिक्षक होऊन बसली. एकोणिसावं शतक संपता संपता तिथल्याच चौकशी आयोगापुढे या पद्धतीवर कडक टीका झाली. उमेदवारी बिघडते ती याच जागी: शिकणाऱ्याला शिकवायला लावलं, की त्याचं शिकणं थांबतं.

आपल्याकडे हे बी नव्हतंच असं नाही. सावित्रीबाईंनी अहमदनगरला आणि पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी मागणी केली होती, की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार असावा आणि नांगराला हात लावायची त्याला लाज वाटू नये. शक्यतो तो शेतकऱ्यांतूनच यावा. आणि घाटाच्या वर, साताऱ्यात, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. कमवा आणि शिका ही ज्यांच्या संस्थेची ओळख, त्यांनी शिक्षकाच्या घडणीलाही तेच लावावं, हे स्वाभाविक होतं. नोकरी करत पदवी घेणं ही आपल्याला परकी कल्पना वाटावी, असं काही नाही.

मग उमरठच्या खोऱ्यात ती कशी दिसेल? बारावी झालेली मुलगी आठवड्यातले चार दिवस शाळेत असेल आणि दोन दिवस महाडला. तिथे १९६१ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. भाषा, गणित, विज्ञान, मानसशास्त्र शिकायला पनवेल गाठायची गरज नाही. शाळेत पहिलं वर्षभर तिला कुठल्याही वर्गावर एकटीला सोडायचं नाही. हा नियम मोडला तर योजनाच बंद करावी, इतका मी त्याबाबत आग्रही आहे. वाडीवरच्या मुलाच्या आयुष्यात पहिली इयत्ता एकदाच येते. दुसऱ्या वर्षी एक गट तिच्याकडे, तिसऱ्या वर्षी दोन, चौथ्या वर्षी सगळी खोली, आणि तेव्हाही वस्ताद दारात. ती मंजूर पदांच्या हिशेबात धरली जाणार नाही. द्विशिक्षकी शाळा द्विशिक्षकीच राहील, उमेदवार तिसरी.

आणि वस्ताद? तो सेवाज्येष्ठता यादीतून काढता येणार नाही. त्याच्या वर्गात जाऊन, दिवसभर बसून तो निवडावा लागेल. त्याचे कागद कमी करावे लागतील, त्याला वेगळा भत्ता द्यावा लागेल. केंद्रप्रमुखाचं पद खरं तर शिक्षकाला वर्गात मदत करण्यासाठीच. पण मी पाहिलेले बहुतेक केंद्रप्रमुख माहिती गोळा करता करता निवृत्त झाले. माणूस चांगला असून त्याला वर्गात बसायला वेळ मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

स्थानिक उमेदवार हवा असं मी म्हणतो, तेव्हा मी स्वतः बाहेरचा होतो हे विसरत नाही. पहिल्या वर्षी मी घटक चाचणी आवणीत लावली आणि सतरांपैकी सहा मुलं आली. चौथीला कोंढाण्याचा धडा मी पुस्तकातूनच वाचून दाखवला. ज्याची समाधी पोरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, त्या तानाजी मालुसऱ्यांचा धडा! शेवटच्या बाकावरच्या पोराने मला विचारलं, “सर, समाधीवर नाय न्यायचं?” दुसऱ्या दिवशी गेलो. कोंढाण्यावरून देह मढे घाटाने कसा आणला, ते परंपरेने सांगत आलेल्या एका आजोबांनी मुलांना तिथेच सांगितलं. हे गावच्या मुलीला पहिल्याच दिवशी सुचलं असतं. कोकणातल्या शाळांवर घाटमाथ्यापलीकडून शिक्षक येतात, आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतात आणि मिळाली की जातात. त्यांचा दोष नाही, मीही तसाच गेलो. पण मुलांची वाक्यं अर्धीच राहतात.

तरीही ‘स्थानिक’ या शब्दावर मी पूर्ण विसंबत नाही. महाडचं चवदार तळं याच पंचक्रोशीत आहे. १९२७ मध्ये त्याचं पाणी अडवणारे लोक स्थानिकच होते. गावची माणसं गावची उतरंडही वर्गात आणतात: कोण पुढे बसणार, खिचडीच्या रांगेत कोण शेवटी. कितीतरी मुलांना पहिल्यांदा बरोबरीने वागवलं ते बाहेरून आलेल्या गुरुजींनी. म्हणून उमेदवाराचं एक वर्ष दुसऱ्या खोऱ्यात जावं, आणि जागांमध्ये कातकरी वाडीवरच्या, धनगरवाड्यावरच्या मुलामुलींचा वाटा पक्का असावा. कातकरी मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जातं. त्याची घरची बोली बोलणारी शिक्षिका त्याच्या शाळेत मी कधी पाहिली नाही.

पट घटतो आहे, हे मला ठाऊक आहे. सात मुलांच्या शाळेत वस्ताद आणि उमेदवार कशाला, असं विचारलं जाईल. पण चार इयत्ता एका खोलीत शिकवण्याचं कसब अशाच शाळांत जिवंत आहे, आणि ते ज्यांच्या हातात आहे ती पिढी आता निवृत्त होते आहे. आमच्या बाई माझ्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. मी त्याआधीच बदलून गेलो होतो. शनिवारी कार्यमुक्त झालो आणि माझ्या जागी येणाऱ्या शिक्षिका पुढच्या महिन्यात हजर झाल्या. आमची गाठ पडलीच नाही. जाताना मी चिंचोक्यांच्या डब्यावर एक कागद चिकटवला होता: “आधी चौथीला काम लावा, मग पहिलीला जवळ घ्या.”