साधेपणा आणि मागासलेपण

लॅम्प्रे हा जबडा नसलेला सर्पाकृति जलचर होय. त्याचें पिलूं जवळजवळ आंधळें. नदीच्या गाळांत रुतून, पाणी गाळून तें कित्येक वर्षें जगतें. पृष्ठवंशी प्राण्यांचा आद्य पूर्वज असाच असावा, असें शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. २०२१ सालीं या समजुतीस धक्का बसला. दक्षिण आफ्रिकेंत, एका प्राचीन खाडीच्या सुमारें ३६ कोटी वर्षांपूर्वींच्या खडकांत सांपडलेल्या नवजात पिलांनाहि मोठे डोळे व दंतयुक्त मुख होतें! चीनमधील सुमारें साडेबारा कोटी वर्षांपूर्वींच्या, गोड्या पाण्यांतील जीवाश्मांत मात्र आजच्यासारखें पिलूं आढळतें. म्हणजे तें साधेपण मूळचा वारसा नसून, बहुधा नदीजीवनाशीं जुळवून घेतांना मागाहून मिळविलेलें आहे.

निसर्ग नीति शिकवीत नाहीं, हें खरें; पण आपल्या तर्कांतील खोट तो दाखवितो. साधें तें जुनें आणि जुनें तें हीन, याच मापानें आपण कित्येक मानवसमाजांसहि मागासलेले ठरवितों. त्यांचा साधेपणा म्हणजे उन्नतीचा अभाव, कीं परिस्थितीला दिलेलें समर्पक उत्तर, हें तपासल्यावांचून निवाडा देणें अन्याय नव्हे काय?