भिंतीवरचा कोळी आणि बाराव्या अध्यायातला समुद्र

॥ जय जय रामकृष्णहरी ॥

आज चिंतनाला गीतेच्या बाराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक घेतला आहे. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताचं लक्षण सांगतात. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, असा भक्त त्यांना प्रिय आहे. माउलींनी इथे समुद्राचा दृष्टान्त दिला आहे. समुद्र कितीही माजला तरी जलचरांना त्याचं भय वाटत नाही, आणि जलचर कितीही असले तरी समुद्र त्यांना उबगत नाही.

'लोक' हा शब्द आला की आपण माणसंच धरून चालतो. शेजारी, नातेवाईक, फार तर ऑफिसातले साहेब. पण माउलींना इथे आठवले ते जलचर! मग आपल्या घरात न बोलावता राहणारे जे जीव आहेत, त्यांनाही हा श्लोक लागू आहे का?

कोळी म्हटलं की आपल्या वारकरी मंडळींना एकनाथी भागवत आठवतं. अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांत कोळीही आहे. स्वतःतून धागा काढायचा, त्यावर वावरायचं आणि तोच परत गिळायचा. ईश्वर विश्व उभं करतो आणि आवरतो, ते यावरून समजावलं आहे. ऐकताना माना डोलतात. पण पोथीतला कोळी गुरू मानणं सोपं असतं. भिंतीवर आला की काय करायचं?

मागच्या आठवड्यात तो आमच्याकडे आलाच. बाहेरच्या खोलीत, घड्याळाच्या मागून. तपकिरी, चपटा, पाय धरून तळहाताएवढा. सूनबाई सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन तिथेच उभी होती. ती जी मागे सरली ती थेट स्वयंपाकघरात. मुलगा चप्पल घेऊन आला. मी पोथी बांधत होते. आतून आवाज आला, "आई, तुमचं वाचन झालं असेल तर आधी याचं काहीतरी करा!"

बोलली ते खरंच होतं. वाचन झालं असेल तर त्याचं काहीतरी व्हायला हवं.

पहिली गोष्ट, भीतीला माहिती नसते. हा जो मोठा कोळी आपल्याकडे घराघरात दिसतो, तो सावज पकडायला जाळं विणत नाही. दिवसा फटीत, फोटोमागे बसतो आणि रात्री झुरळं पकडतो. अगदी दाबला गेला तर चावतो, चावा दुखतो, पण जिवावर बेतत नाही. कोळी अंगावरून गेला की फोड येतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पावसाळ्यात मानेवर, हातावर असा जळजळीत पट्टा उठतो खरा. पण डॉक्टर सांगतात की बहुतेक वेळा तो एका बारीक नारिंगी-काळ्या किड्यामुळे उठतो. दिव्याला येतो आणि आपण अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते. नुसता झटकला असता तर काही झालं नसतं. म्हणजे गुन्हा एकाचा, नाव दुसऱ्याचं, आणि चिरडणारा हात आपलाच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घाबरलेल्या माणसाला "एवढ्याशा किड्याला काय घाबरतेस?" असं हिणवणं हीसुद्धा हिंसाच आहे. तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचं केवढं मोठं वर्णन केलं आहे! त्यात चालणं आहे, पाहणं आहे आणि बोलणंही आहे. कोळ्यावर दया करायची आणि सुनेला शब्दाने टोचायचं, ही कसली अहिंसा? बाळ कडेवर असताना आईच्या पोटात गोळा येतो, तो शास्त्र सांगून जात नाही. तिला आधी अभय हवं होतं. कोळ्यालाही हवं होतं. एकाचं अभय दुसऱ्याच्या जिवावर द्यायला लागू नये, एवढीच खटपट करायची होती.

मुलाच्या हातातली चप्पल मी खाली ठेवायला लावली. लाडवांचा रिकामा प्लास्टिकचा डबा अलगद भिंतीवर धरला आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा मागून सरकवला. डब्यातून पाहिलं तर तिच्या पोटाखाली बत्ताशासारखी पांढरी, चपटी पिशवी. ती मादी होती, अंडी सांभाळत होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती ही पिशवी अशीच धरून हिंडते. मला तेराव्या अध्यायातली मांजर आठवली. पिल्लाला तोंडात धरते, पण दात रुतू देत नाही. अहिंसक माणसाचं पाऊल जमिनीला तसं लागावं, असं माउली म्हणतात. मुलाने डबा खाली नेऊन कंपाउंडजवळच्या झुडपात उघडला. सूनबाईने रात्री बाळाची दुपटी दोनदा झटकली. झटकू दे. तिला कोणी काही बोललं नाही.

आता कोणी विचारेल, "काकू, एक कोळी वाचवलात, पण झुरळांसाठी फवारणी करून घेता, त्याचं काय?" प्रश्न बरोबर आहे आणि त्याला पळवाट नाही. आपल्या शास्त्रानेही ती दिलेली नाही. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच ठिकाणं मनुस्मृतीत सांगितली आहेत. आपण ज्याला पवित्र संसार म्हणतो, त्यातलीच ही नेहमीची साधनं! म्हणून गृहस्थाला रोज पंचमहायज्ञ करायला सांगितले. त्यातल्या भूतयज्ञात कावळ्या-कुत्र्यांसाठी आणि किड्यामुंग्यांसाठीही अन्न काढून ठेवायचं. संसारात हिंसा शून्य होणार नाही हे शास्त्राने ओळखलं होतं, पण "होणारच आहे तर होऊ दे" अशी सूट दिली नाही. रोज थोडं देणं फेडायला लावलं. बाळाच्या पाळण्याखाली विंचू निघाला तर तिथे विचार वेगळा होईल, व्हायलाच हवा. पण प्रत्येक कोळ्याला विंचू समजून हात उचलायचा, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग उद्वेग न होणं म्हणजे काय? दचकायचंच नाही, असं मला वाटत नाही. दचकणं शरीराचं आहे. दचकल्यावर हात उचलायच्या आधी एक श्वासभर वेळ मिळतो, तेवढा आपल्या ताब्यात असतो. घाबरलेलं मन म्हणतं, "मला भीती वाटली, म्हणजे तो वाईट." तिथेच थांबायचं. माझी भीती माझी आहे, तो त्याचा अपराध नाही. आणि हे फक्त कोळ्यापुरतं आहे का? अनोळखी माणूस, वेगळ्या पेहरावाचा शेजारी, दारात आलेला भिकारी, यांनाही आपण आधी भितो आणि मग दोषी ठरवतो.

आजचा अभ्यास सोपा आहे. घरात एक रिकामा डबा आणि एक पुठ्ठा हाताशी ठेवा. केर काढताना कोपऱ्यात झाडू मारण्याआधी एकदा वाकून बघा. आणि आज ज्या कोणाला बघून मन दचकेल, त्याच्याविषयी मत बनवण्याआधी एकदा नाम घ्या.

समुद्राएवढं पोट आपलं नाही. डब्याएवढी जागा तरी माउलींनी आपल्याकडून करून घ्यावी, एवढीच प्रार्थना.

॥ रामकृष्णहरी ॥