विलापातील आशा

देवळाच्या सभामंडपात कीर्तन उभे राहते. पूर्वरंगाचे निरूपण आटोपते, बुक्का लागतो आणि बुवा उत्तररंगातील आख्यानास हात घालतात. आख्यान लक्ष्मणशक्तीचे असेल तर एक क्षण असा येतो की टाळ-मृदंग थांबतात आणि बुवा बुवा राहत नाहीत. रणभूमीवर निश्चेष्ट भावाला उराशी धरून बसलेला राम त्यांच्या मुखाने बोलू लागतो. मारुती द्रोणगिरी घेऊन येणार आणि लक्ष्मण उठून बसणार, हे मंडपातील लहान मुलासही ठाऊक असते. तरीही माणसे डोळ्यांना पदर आणि उपरणे लावतात. शेवट ठाऊक असताना हा शोक कोठून येतो? शिवाय ज्याच्या घरचा लक्ष्मण उठला नाही आणि कधी उठणारही नाही, असा श्रोताही त्याच मंडपात बसलेला असतो. त्याला ही आशा ऐकवणे हा धर्म, की त्याची वंचना? या प्रश्नाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

एका माणसाने दुसऱ्याच्या मुखाने बोलावे आणि ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याने मुके राहावे, ही रीत आपल्याकडे कीर्तनकारांनी पिढ्यान् पिढ्या चालविली आहे. मराठी साहित्यात तिला स्वतंत्र रूप दिले ते ‘दिवाकर’ म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग याच्या एकमुखी काव्यांपासून स्फूर्ती घेऊन १९११ पासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या. योगायोग असा की ब्राउनिंगचा मृत्यू आणि दिवाकरांचा जन्म, दोन्ही १८८९ सालचे. नाट्यछटेत समोरचे पात्र दिसत नाही आणि त्याचे शब्दही आपल्या कानी पडत नाहीत. बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून ते आपण ताडतो. त्या रिकाम्या जागी नकळत वाचक स्वतः जाऊन बसतो. आनंदाच्या किंवा उपहासाच्या छटेत ही केवळ एक युक्ती असते. शोकाच्या भाषणात मात्र ती वस्तुस्थिती होते. ज्याला हाक मारली जाते तो खरोखरच उत्तर देऊ शकत नाही, म्हणून ते उत्तर देण्याचा भार ऐकणाऱ्यावर येतो. एकमुखी विलापाचे सामर्थ्य प्रथम येथे आहे.

दुसरे कारण आपल्या नाट्यशास्त्रात सापडते. भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ यांतील भेद मोठ्या सूक्ष्मतेने सांगितला आहे. करुण हा निरपेक्ष, म्हणजे भेटीची अपेक्षा तुटलेला, तर विप्रलंभ हा सापेक्ष, ज्यात अपेक्षेचा धागा शिल्लक आहे असा. पुढील आलंकारिकांना या दोहोंच्या मधली एक अवस्था दिसली आणि तिला त्यांनी करुणविप्रलंभ म्हटले. प्रियजन तर गेले आहे, परंतु त्याच्या पुनःप्राप्तीची आशा गेलेली नाही, अशी ती अवस्था. तिचे प्रसिद्ध उदाहरण बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील महाश्वेता. पुंडरीकाने प्राण सोडल्यावर ती चितेवर चढावयास सिद्ध होते. तोच एक दिव्य पुरुष त्याचा देह उचलून नेतो आणि पुनर्भेटीचे वचन देऊन तिला थांबवितो. त्यानंतर अच्छोद सरोवराच्या तीरी ती तपस्विनी होऊन राहते आणि चंद्रापीडास आपली कथा स्वमुखे सांगते. शोक आणि आशा यांनी एकाच कंठातून बोलावे असे ते निवेदन आहे. सातव्या शतकातील या ग्रंथाच्या नावावरूनच आपण मराठीत एका अख्ख्या वाङ्मयप्रकारास ‘कादंबरी’ म्हणू लागलो.

नुसता करुण ऐकणाऱ्यास थकवितो. रडून झाल्यावर मन रिते होते, आणि रिते मन पुढचे ऐकत नाही. अपेक्षेचा धागा असला की मन जागे राहते. दर वाक्यास ते विचारते, आता काय होईल? मारुती कोठवर आला असेल? म्हणून आशा ही शोकाला सौम्य करते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ती शोकाची धार बोथट होऊ देत नाही, हे त्याचे उरलेले अर्ध होय.

परंतु सामर्थ्य असणे वेगळे आणि न्याय्य असणे वेगळे. आशा कशाची धरली आहे, हे पाहिल्यावाचून तिला पुण्य म्हणता येणार नाही. ब्राउनिंगची ‘एव्हलिन होप’ ही १८५५ साली प्रसिद्ध झालेली कविता या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. सोळा वर्षांची मुलगी निधन पावली आहे. तिच्या तिप्पट वयाचा एक पुरुष शय्येपाशी बसून तिच्याशी बोलतो. जिवंतपणी तिला त्याची नीट ओळखही नव्हती, त्याच्या प्रेमाची वार्ता तर दूरच. तरी अनेक जन्म आणि अनेक लोक ओलांडल्यावर ती आपली होईल, असा त्याचा विश्वास आहे. शेवटी तो तिच्या थंड मुठीत एक पान ठेवतो. जागी झालीस की तुला उमगेल, असा त्याचा भाव.

जन्मांतराची कल्पना आपल्या हाडीमांसी खिळलेली असल्यामुळे ही कविता आपणांस चटकन भिडते. पण क्षणभर त्या मुलीच्या बाजूने पाहावे. तिला कोणी विचारले? जिला हयातीत ‘नाही’ म्हणण्याचीही संधी आली नाही, तिच्यावर अनंत जन्मांचा हक्क सांगितला जात आहे. बोलणाऱ्याची कोमलता खरी आहे, त्याचे दुःखही खरे आहे, आणि तरीही ती आशा मालकाची आहे. मृताचे मौन म्हणजे संमती, असे तिने गृहीत धरले आहे. कवीची थोरवी अशी की त्याने हे आपल्या तोंडाने सांगितले नाही. आपले डोळे ओलावले की नाही हे तो पाहू देतो, आणि ते ओलावले म्हणून बोलणारा निर्दोष ठरतो काय, हा विचार आपल्यावर सोपवितो.

याच्याशेजारी रामाचा विलाप ठेवावा. वाल्मीकींच्या युद्धकांडात आणि तुळसीदासांच्या लंकाकांडात शोकाची तऱ्हा निराळी असली तरी एक प्रश्न दोहोंत आहे : मी परत गेलो तर सुमित्रेला काय सांगू? तुळसीदास त्यात आणखी एक गोष्ट घालतात. त्या मातेने लक्ष्मणाचा हात धरून रामाच्या स्वाधीन केला होता. म्हणजे राम ‘माझा भाऊ गेला’ म्हणून रडतोच, पण त्याहून अधिक ‘माझ्याजवळ दिलेली ठेव हरवली’ म्हणून रडतो. मालकाचा तोटा त्याच्यापाशी संपतो. ठेव सांभाळणाऱ्यास मात्र हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब द्यावयाचा असलेला माणूस मरून सुटू शकत नाही. रामाच्या विलापातील आशा आमच्या मते येथे आहे. संजीवनी ही त्या रात्रीपुरती कृपा होती. लक्ष्मण उठला नसता तरी सुमित्रेपुढे जाऊन उभे राहणे रामास चुकले नसते. त्या उभे राहण्यास बळ देते ती आशा, मग मारुती येवो वा न येवो.

हा विलाप ज्या भूमीवर विशेष अर्थपूर्ण व्हावा अशी एक भूमी मराठी मुलखाच्या उत्तर कडेवर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा मध्य प्रदेशातच राहिला. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौसर हे तालुके वेगळे काढून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी आणि घरात मराठी, अशी येथली रीत. त्यामुळे तुळसीदासांची रामकथा आणि वारकऱ्यांचे अभंग, दोन्ही येथे परके नाहीत. सौसर तालुक्यातील जामसावळी येथे पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीची मूर्ती आहे. संजीवनीच्या शोधात निघालेल्या मारुतीने येथे विसावा घेतला, असे भाविक सांगतात. व्याधिग्रस्त माणसे आणि त्यांचे नातलग तेथे मोठ्या संख्येने येतात. आपल्या माणसाची रात्र सरत आली आहे आणि पर्वत अजून आलेला नाही, अशा अवस्थेतील हे लोक त्या पहुडलेल्या देवापुढे बसतात. देवालाही थकवा असतो आणि तरी त्याचे काम टळत नाही, हे ती मूर्ती पाहून ज्याचे त्याला समजत असेल.

याच प्रदेशात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. कथा अशी सांगतात की पांढुर्ण्याचा एक तरुण नदीपलीकडील सावरगावच्या मुलीस घेऊन जाम नदी ओलांडीत असता दोन्ही काठांवरून दगड आले आणि ती दोघे प्रवाहातच मेली. तिच्या स्मरणार्थ नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवतात, त्यास झेंडा बांधतात, आणि दोन्ही गावांचे लोक तो मिळविण्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राणही आजवर गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते लोकांनी स्वीकारले नाहीत. चेंडूने पश्चात्ताप कसा व्हावा, असे त्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. परंतु दगडाने तरी तो होतो काय?

या कथेत आम्हांस एक उणीव दिसते. तिच्यात कोणी बोलत नाही. तो तरुण बोलत नाही, ती मुलगी बोलत नाही, दोघांच्या माता बोलत नाहीत. मेलेल्या दोघांसाठी शब्द उरला नाही म्हणून दगड उरला, आणि दगडाला ‘आमची’ आणि ‘आमचा’ एवढीच दोन अक्षरे ठाऊक. दोन्ही काठ मृतांचे मालक होऊन भांडत आहेत. एव्हलिनच्या शय्येपाशी बसलेला तो गृहस्थ मृदू शब्दांत जे म्हणतो, तेच येथे गोट्यांनी म्हटले जाते.

त्या मुलीची आई पोळ्याच्या रात्री नदीकाठी बोलू लागली, असे समजा. ती काय म्हणेल? आम्ही तिच्या तोंडी शब्द घालीत नाही. ते काम एखाद्या जाणत्या कीर्तनकाराचे. एवढे मात्र आम्हांस निश्चित वाटते की ती माझी मुलगी परत द्या असे म्हणणार नाही, कारण देणारा कोणी नाही, हे तिला कळते. ‘उद्या दुसऱ्या आईचे मूल हातात गोटा घेऊन उभे राहील, ते माझ्या मुलीचे देणे लागते काय?’ असे ती विचारील. त्या प्रश्नास उत्तर देणे दोन्ही काठांवर बसलेल्या श्रोत्यांना भाग पडेल. आणि हे अगदीच परके नाही. झुंज संपली की झेंडा चंडीमातेच्या देवळात नेऊन तिच्या चरणी वाहतात. ज्याच्यासाठी डोकी फुटली ते अखेर कोणाचेच नव्हते, देवीचे होते, ही कबुली त्या विधीतच आहे. ती दिवस मावळताना मिळते. ती दिवस उगवताना मिळावी, एवढेच मागणे.

गोमंतकीय वाचकास ही गोष्ट वेगळ्या वाटेने पटेल. १५६० साली कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग जुवारी ओलांडून प्रियोळास नेले गेले. केळोशीची शांतादुर्गा अशीच कवळ्यास आली. गावे, देवळे, पिढ्यांची जमीन मागे राहिली. नेणारे जर स्वतःस देवाचे मालक समजत असते, तर मालमत्तेबरोबर आशाही तेथेच बुडाली असती. त्यांनी स्वतःस ठेव राखणारे मानले, म्हणून नदीच्या त्या तीरावर शोक आणि या तीरावर नित्यपूजा असे घडू शकले. गेलेल्या स्थळाचे नाव आजही देवाच्या नावाशी जोडून घेतले जाते. हाही विलापच, पण हिशेब चुकता ठेवणारा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याच्या घरी मारुती पोचला नाही, त्याला लक्ष्मणशक्तीचे आख्यान ऐकवावे काय? द्रोणगिरी येतोच असे ठासून सांगणारे कीर्तन त्याची वंचना करील, आणि अशा वेळी बुवांनी मौन धरलेले बरे. परंतु ‘सुमित्रेला काय सांगू’ या प्रश्नाशी थांबणारे, तो प्रश्न घाईने न सोडविणारे कीर्तन त्याच्या हाती काही देते. आपले माणूस आपल्याला काही काळ सांभाळावयास दिले होते. ते गेले तरी त्याच्या आईशी, त्याच्या लेकराशी, त्याने अर्धवट टाकलेल्या कामाशी आपले देणे संपलेले नाही. या देण्याला मृत्यू हात लावू शकत नाही. पुनर्भेट देवाधीन आहे. देणे आपल्या अधीन आहे, आणि त्यावरच आशा उभी करता येते. विलाप ऐकून डोळे पुसल्यावर मनुष्य घरी जाताना कोणाची तरी चौकशी करावयास थांबला, तर बुवांचे आख्यान फळास आले असे समजावे.