देवाची जागा कुठली?

अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून मराठवाडा झोपला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. बीड जिल्ह्यातही माणसं दचकून उठली. किल्लारी-सास्तूरकडे हजारोंना उठताच आलं नाही. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि उन्हाळ्यात घर गार ठेवणारं पांढऱ्या मातीचं माळवद. तेच अंगावर आलं.

त्याच महिन्याच्या 4 तारखेला, निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात नव्या कॅथेड्रलचं उद्घाटन झालं होतं. जुनं 1972 च्या भूकंपात निकामी झालेलं. मेक्सिकोचे वास्तुकार रिकार्डो लेगोरेता यांनी नवं बांधलं ते दुसऱ्याच जागी: उघडं काँक्रीट, माथ्यावर 63 छोटे घुमट, त्यांतून आत झिरपणारा उजेड. पैशांचा मोठा वाटा डॉमिनोज पिझ्झाच्या टॉम मोनाहन यांचा. (पिझ्झाच्या पैशाला हसायचं कारण नाही, आपल्याकडे साखरेच्या पैशातून सभामंडप उठतातच.) जुन्याचा सांगाडा शहराच्या मध्यात तसाच ठेवला.

जागा सोडली, मग देवाचं काय? कॅथलिकांना हा प्रश्न फारसा अडवत नाही. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन, ते चर्च. आसन उचललं की मानही उचलला जातो. वास्तू बहुतांशी पडली तर तिचं अभिषिक्तपण संपतं, असं त्यांचा धर्मकायदाच सांगतो.

परळीत हे पटायचं नाही. अहिल्याबाई होळकरांनी वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, पण ज्योतिर्लिंग दुसरीकडे न्यावं हा विचार तिथे कुणाच्या मनात येणार? भंगलेली मूर्ती विसर्जित करावी म्हणतात. स्वयंभू लिंगाला तो नियम लागत नाही. इथे देवाआधी स्थान.

किल्लारीत या श्रद्धेची खरी परीक्षा झाली. 52 गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. नीळकंठेश्वराचं खिळखिळं झालेलं प्राचीन देऊळ मात्र जागेवरच राहिलं. तीन दशकांनंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने त्याचे दगड उतरवून ते पुन्हा रचायला घेतलं. घरांचे दगड असे कुणी जपले नाहीत, आणि ते योग्यच झालं: त्याच दगडांखाली माणसं गेली होती.

नीळकंठेश्वराच्या दर्शनाला जायचं, तर गावकऱ्यांना आजही जुन्या किल्लारीचीच वाट धरावी लागते.